टोकियोत पहिल्यांदाच बिझनेस हॉटेलात उतरताय? मग हे वाचून निघा

आमचं टोकियोच्या निशी-कासाई भागातलं घर दोन खोल्यांचं. भारतातून कुणी आलं की जेवायला घरी आणि झोपायला हॉटेलात, अशीच सोय करावी लागते. आई-बाबा, नणंद आणि तिची मुलं, नवऱ्याच्या ऑफिसातले प्रोजेक्टवर आलेले तरुण, अशा बऱ्याच जणांना मी टोकियोतली हॉटेलं शोधून दिली आहेत. प्रत्येकाच्या अडचणी साधारण त्याच असतात आणि त्यातल्या बहुतेक निघण्याआधीच टाळता येतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

मी लिहिते आहे ते बिझनेस हॉटेलांबद्दल. हा जपानचा खास प्रकार. फिरतीवरच्या नोकरदार माणसाला स्टेशनजवळ एक रात्र स्वच्छ झोप, गरम पाणी आणि सकाळची न्याहारी मिळावी, यासाठी ती निघाली. तोयोको इन, आपा, सुपर होटेल, डॉर्मी इन, रूट इन या त्यातल्या मोठ्या साखळ्या. तोयोको इनचं पहिलं हॉटेल 1986 साली टोकियोच्या कामाता भागात सुरू झालं, आज देशभर त्यांची तीनशेहून जास्त हॉटेलं आहेत. आपल्याकडे लॉज म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं ते यात काही नाही. आणि सामान उचलायला माणूस, खोलीत चहा आणून देणारा माणूस, हेही नाही. तुमचं तुम्ही करायचं, पण ते करायला लागेल ती प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवलेली असते. एवढं मनाशी धरून आलात की ही हॉटेलं फार आवडतात.

बुकिंग: आधी स्टेशन बघा, मग हॉटेल

फोटो आणि तारे नंतर बघा. नकाशा उघडून दोनच गोष्टी तपासा: विमानतळावरून गाडी न बदलता येता येतं का, आणि स्टेशनच्या कुठल्या दारातून बाहेर पडायचं.

पहिल्या खेपेला मी सगळ्यांना आसाकुसा लाइनवरचं हॉटेल सुचवते. आसाकुसा, आसाकुसाबाशी, हिगाशी-गिंझा, दाइमोन ही त्या लाइनवरची स्टेशनं. हानेडा आणि नारिता, दोन्ही विमानतळांवरून या लाइनवर थेट गाड्या येतात. हानेडाहून पाऊणएक तास, नारिताहून तासाभराहून थोडं जास्त. प्रत्येक गाडी थेट नसते, फलाटावरची पाटी बघूनच चढा. उएनोही चांगलं, नारिताहून स्कायलायनर ही जलद गाडी तिथे येते. शिंजुकूचं आकर्षण मला समजतं, पण त्या स्टेशनाला दोनशेच्या आसपास दारं आहेत. रात्रभर प्रवास करून, दोन मोठ्या बॅगा ओढत, बरोबर सत्तरीतली माणसं असताना तिथे पहिल्यांदा उतरू नका.

दार का महत्त्वाचं? लिफ्ट सगळ्या दारांना नसते. ‘स्टेशनपासून तीन मिनिटं’ असं लिहिलेलं हॉटेल जवळच्या दारापासून तीन मिनिटांवर असतं, आणि त्या दाराला चाळीस-पन्नास पायऱ्या असू शकतात. लिफ्टचं दार कुठलं हे नकाशावर आधीच शोधा, मग ते थोडं लांब का पडेना.

आता खोलीची मापं. एका माणसाची खोली 11 ते 13 चौरस मीटर, म्हणजे साधारण एकशेवीस ते एकशेचाळीस चौरस फूट, आणि त्यातच बाथरूम आलं. बुकिंगच्या पानावर ‘सेमी-डबल’ हा शब्द दिसेल. त्याला डबल बेड समजू नका. आपल्याकडचा डबल बेड सहा फूट रुंद, हा चारच फूट असतो, फार तर साडेचार. दोघं असाल तर ‘ट्विन’ घ्या, थोडे येन जास्त जातील पण पाठ नीट राहील. दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडून ठेवायला ट्विनमध्येही जागा नसते. एक उघडायची, दुसरी पलंगाखाली सरकवायची. पलंग बहुतेक त्यासाठीच उंच ठेवलेले असतात.

माणसं किती हे खरं सांगा. इथे भाडं खोलीवर नाही तर खोलीत किती माणसं राहणार यावर ठरतं. एकासाठी घेतलेल्या खोलीत दुसऱ्याला झोपवता येत नाही, आणि असं कुणी केलं की काउंटरवरच्या माणसाला मनापासून अवघडल्यासारखं होतं. शाळेत न जाणारं लहान मूल आई-वडिलांच्या पलंगावर झोपणार असेल तर बऱ्याच साखळ्या त्याचे पैसे घेत नाहीत, पण बुकिंगमध्ये त्याचा उल्लेख करा. ‘नो स्मोकिंग’ खोली मुद्दाम निवडा. धूम्रपानाच्या खोल्या इथे अजून असतात आणि स्वस्त दिसतात म्हणून चुकून घेतल्या जातात.

साध्या दिवसांत ठीकठाक खोली 8,000 ते 15,000 येनपर्यंत मिळते. शनिवारची रात्र महाग. साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, आणि 29 एप्रिल ते 5 मे हा सुट्ट्यांचा काळ, यात भाव कुठल्या कुठे जातात. माणशी रात्रीचं भाडं 10,000 येन किंवा जास्त असेल तर टोकियोचा मुक्काम-कर 100 येन लागतो, 15,000 आणि वर असेल तर 200 येन. हा कर 2002 पासून आहे. कधी तो काउंटरवर वेगळा मागतात, फसवणूक समजू नका.

पोहोचण्याचा दिवस

हॉटेलचं पूर्ण नाव, शाखेसकट, आणि जपानी लिपीतला पत्ता फोनमध्ये फोटो काढून ठेवा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावं नसतात, पत्ता असतो तो विभाग, ब्लॉक आणि इमारत यांच्या आकड्यांचा. शिवाय एकाच साखळीची तीन-चार हॉटेलं एकाच भागात असतात, एकसारख्या पाटीची. नवऱ्याच्या ऑफिसातला एक मुलगा रात्री अकराला भर पावसात अशाच चुकीच्या शाखेत पोहोचला. काउंटरवरच्या मुलीने त्याचं नाव दोनदा शोधलं, मग नकाशाचा कागद छापला, लाल पेनाने रस्ता आखला, वळणावरच्या कोनबिनीला, म्हणजे चोवीस तास उघड्या छोट्या दुकानाला, गोल केला आणि एक पारदर्शक छत्री त्याच्या हातात दिली. दहा मिनिटांत तो आपल्या हॉटेलात होता. छत्री दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली.

भारतातून रात्री निघालेलं विमान इथे सकाळी उतरतं. खोली मात्र दुपारी तीनला मिळते, काही ठिकाणी चारला. ‘जरा लवकर देता का?’ अशी गळ घालून उपयोग नसतो, कारण त्या वेळी खोल्या साफ होत असतात. बॅगा ठेवून घ्यायला मात्र कुणीही नाही म्हणत नाही, आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. हे वाक्य पाठ करा: ‘निमोत्सु ओ आझुकात्ते मोराएमास का’, म्हणजे ‘सामान ठेवून घ्याल का?’ ब्रश, औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत आधीच काढून ठेवा. घड्याळ साडेतीन तास पुढे करा आणि जवळच्या बागेत किंवा देवळात जाऊन बसा. आई-बाबांना मी उएनोच्या तळ्याकाठी नेलं होतं. दोघं बाकावर बसल्या बसल्या पेंगले, पण दुपारी झोपून रात्री टक्क जागं राहण्यापेक्षा ते बरं.

काउंटरवर

जपानमध्ये तळमजल्याला पहिला मजला म्हणतात. काउंटर कधीकधी दुसऱ्या किंवा वरच्या मजल्यावर असतं, आत शिरल्यावर खाली कुणी दिसलं नाही तर लिफ्टजवळची पाटी बघा. पासपोर्ट द्यावा लागतो आणि त्याची प्रत काढून घेतात. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्यांची नोंद ठेवणं हॉटेलांवर बंधनकारक आहे, त्यामुळे सगळ्यांचे पासपोर्ट एकत्र हाताशी ठेवा. अलीकडे बऱ्याच ठिकाणी यंत्रावर स्वतःच नोंद करायची असते. भाषा बदलायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात असतं, आणि अडलात तर शेजारी माणूस उभा असतो. टिप देऊ नका, आग्रह केलात तर पैसे परत द्यायला मागे धावत येतात.

इथेच बाजूला एक फळी किंवा कपाट असतं. त्यावर टूथब्रश, कंगवा, दाढीचं रेझर, कापूस, चहाच्या पुड्या ठेवलेल्या असतात. रात्री घालायचे सैल कपडेही बऱ्याचदा इथूनच न्यायचे. एप्रिल 2022 पासून एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकबद्दल कायदा आला आणि पूर्वी खोलीत मिळणाऱ्या या वस्तू बऱ्याच हॉटेलांनी खाली आणून ठेवल्या. खोलीत ब्रश नाही म्हणून तक्रार करणारे पाहुणे मी पाहिले आहेत. लागेल तेवढं घ्या, मूठभर उचलू नका.

खोलीत, आणि मुख्य म्हणजे बाथरूममध्ये

दाराशेजारच्या खाचेत कार्ड सरकवलं की दिवे लागतात. वीज 100 व्होल्टची आणि प्लगला दोन चपट्या पट्ट्या. आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, तेव्हा अडॅप्टर घरूनच आणा. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात. भारतातली किटली किंवा छोटा कुकर मात्र आणू नका, 230 व्होल्टची वस्तू इथे नीट तापतच नाही. खोलीत किटली असतेच. ती फक्त पाण्यासाठी, तिच्यात दूध किंवा मॅगी उकळू नका. फोडणी, अगरबत्ती, कापूर खोलीत अजिबात नको, धुराचा अलार्म वाजतो. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

आता बाथरूम. आईने दार उघडलं, आत पाहिलं आणि मला हाक मारली, ‘अगं, बादली कुठंय?’ बादली नसते, मगही नसतो. संपूर्ण बाथरूम हा एकाच साच्यातून काढल्यासारखा प्लास्टिकचा डबा असतो. तो कारखान्यात बनवून इमारतीत बसवायची पद्धत 1964 च्या टोकियो ऑलिंपिकसाठी न्यू ओतानी हॉटेल घाईने उभारताना रुळली. एक हजारावर खोल्यांची बाथरूमं एरवी वेळेत झालीच नसती. आजच्या बिझनेस हॉटेलातलं बाथरूम त्याचंच धाकटं भावंड.

त्याचा आत जायचा उंबरा चांगला वीतभर उंच असतो. रात्री अंधारात उठणाऱ्या ज्येष्ठांना हे पहिल्याच दिवशी दाखवा. बाबांच्या अंगठ्याला लागल्यावर मला ही अक्कल आली, तेव्हापासून मी आतला दिवा रात्रभर चालू ठेवायला सांगते.

अंघोळ टबमध्ये उभं राहून करायची आणि पडद्याचं खालचं टोक टबच्या आत सोडायचं. पडदा बाहेर राहिला की सगळं पाणी कमोडसमोर साचतं. बेसिन आणि टब यांना बऱ्याचदा एकच लांब नळ असतो, तो फिरवून इकडे किंवा तिकडे न्यायचा. त्याला दोन मुठी असतात. एका मुठीवर आकडे असतात, ते पाण्याचं तापमान, 40 वर ठेवा. दुसरी मूठ एका बाजूला फिरवली की नळ, दुसऱ्या बाजूला शॉवर. पाणी सोडायच्या आधी ही मूठ कुठे आहे ते पाहा, नाहीतर कपड्यांसकट डोक्यावर शॉवर येतो. शॉवरने ज्यांचं समाधान होत नाही त्यांनी कोपऱ्यावरच्या शंभर येनच्या दुकानातून एक प्लास्टिकचा मग घ्यावा. आईने तेच केलं आणि तो मग ती डोंबिवलीला घेऊनही गेली.

कमोडच्या बाजूला बटणांची पट्टी असते. पाण्याच्या कारंज्याची चित्रं स्पष्ट असतात. लक्षात ठेवायचं बटण एकच, चौकोनाची खूण असलेलं: ते म्हणजे ‘थांबा’. आपल्या लोकांना पाण्याची सवय असल्यामुळे ही सोय लगेच आवडते. कागद कमोडमध्येच टाकायचा, डब्यात नाही.

भिंती पातळ असतात. रात्री दहानंतर घरी व्हिडिओ कॉल करायचा तर हळू आवाजात. भारतात तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, तिकडचे लोक उत्साहात असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

खायचं काय?

न्याहारी बहुतेक साडेसहा ते साडेनऊ. तोयोको इनसारख्या साखळ्यांत ती भाड्यातच असते. भात, मिसो सूप, अंडं, सॅलड, पाव, कधी पास्ता. मांसाहारी असाल तर हा भाग सोडून पुढे जा.

शाकाहारी मंडळींनी मात्र एक शब्द पक्का लक्षात ठेवावा: दाशी. सुकवलेल्या माशाचं पाणी. मिसो सूपमध्ये ते असतं, भाज्या शिजवताना असतं, उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्शात असतं, अगदी अंड्याच्या गोड वडीतही असतं. वर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन’, म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही नाही, असं सांगितलं तरी समोरच्याच्या मनात दाशी येत नाही, म्हणून ‘दाशी मो’ हे जोडा. न्याहारीला साधा भात, पाव, लोणी, फळं, सॅलड यांवर भागवा. बरोबर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं असेल तर त्याच गरम भाताचं छान जेवण होतं. गरम पाणी घालून होणारे उपमा-पोहे तर सोन्यासारखे. ताजी फळं, मिरच्या, कढीपत्ता मात्र आणू नका. प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात, त्यात हापूसही आला.

कोनबिनीत भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात. त्यातला आंबट उमेबोशीचा (खारवलेल्या फळाचा) आणि नुसत्या मिठाचा शाकाहाराच्या सगळ्यात जवळचा, तरी पाकिटावरचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत, टीज तानतान हे पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं दुकान आहे. आणि तुरीची डाळ, आटा, हिंग यांची आठवण झाली तर आमच्या निशी-कासाईला या. इथे भारतीय वस्ती मोठी आहे, किराणा आणि जेवण दोन्ही मिळतं. याच एदोगावा प्रभागात 2019 साली योगेंद्र पुराणिक हे मूळचे मराठी गृहस्थ नगरसेवक म्हणून निवडून आले. टोकियो मराठी मंडळाचा गणपती असेल त्या दिवसांत आलात तर घरापासून दूर आहोत हेच विसराल.

कपडे, सार्वजनिक स्नान

कपडे धुवायची यंत्रं एखाद्या मजल्यावर असतात, 100 येनची नाणी जमवून ठेवा. सुकवायच्या यंत्रात जीन्सला वेळ लागतो. खोलीत दोरी बांधू नका, टबच्या वर ओढायची दोरी बहुधा असतेच.

डॉर्मी इनसारख्या ठिकाणी मोठं सामायिक स्नानगृह असतं. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. बायकांच्या दाराला बहुतेक आकडी कुलूप असतं, तो आकडा चेक-इनच्या वेळी मिळणाऱ्या कागदावर असतो, म्हणून कागद टाकू नका. आत कपडे चालत नाहीत. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग गरम पाण्यात उतरायचं. संकोच वाटला तर जाऊ नका, कुणी विचारत नाही. पण दिवसभर वीस हजार पावलं चालल्यावर त्या पाण्यात दहा मिनिटं बसण्यासारखं सुख दुसरं नाही, हे मी मनापासून सांगते.

जमीन हलली तर

हे घाबरवण्यासाठी नाही, पण पहिल्या रात्री पाच मिनिटं द्या. दाराच्या आतल्या बाजूला मजल्याचा नकाशा असतो, त्यात जिना कुठे ते बघा आणि एकदा चालत जाऊन या. पलंगाशेजारी भिंतीला छोटी बॅटरी अडकवलेली असते, खाचेतून ओढली की आपोआप लागते. मुलांना ती खेळायला देऊ नका. चपला पलंगापाशी ठेवा. हादरा बसला तर डोकं उशीने झाका, खिडकी आणि टीव्हीपासून दूर राहा. बाहेर धावत सुटू नका, लिफ्ट वापरू नका. थांबल्यावर दार उघडं करून ठेवा आणि घोषणेची वाट बघा. छोटे धक्के इथे नेहमीचे आहेत, आणि इमारती त्या हिशेबानेच बांधलेल्या असतात. तब्येतीची अडचण आली तर काउंटरला फोन करा, ते 119 वर रुग्णवाहिका बोलावतात आणि पत्ताही जपानीत तेच सांगतात.

निघताना

खोली सोडायची वेळ सकाळी दहा, काही ठिकाणी अकरा. ती कडक असते, उशीर झाला तर पैसे लागतात. कार्ड काउंटरजवळच्या पेटीत टाकलं की झालं, खोली तपासायला कुणी येत नाही. संध्याकाळचं विमान असेल तर बॅगा पुन्हा तिथेच ठेवता येतात.

पुढे क्योतो-ओसाकाला जाणार असाल तर मोठ्या बॅगा ओढत शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, चढू नका. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी तोकाइदो शिंकानसेनमध्ये वेगळी जागा राखावी लागते. त्यापेक्षा आदल्या दिवशी सकाळी काउंटरवर ‘ताक्क्युबिन’ (सामान पोहोचवणारी कुरियर सेवा) एवढं म्हणा. ते फॉर्म देतील, त्यावर पुढच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन आणि तुम्ही तिथे पोहोचणार ती तारीख लिहायची. बॅग साधारण दुसऱ्या दिवशी तिथे जाते आणि तुमच्या नावाने काउंटरवर उभी असते. फॉर्मवर नाव मात्र बुकिंगवर आहे तसंच लिहा, कारण आई-बाबांच्या वेळी मी बॅगेवर माझं नाव टाकलं आणि क्योतोच्या हॉटेलने ती शोधायला अर्धा तास घेतला. फॉर्मची प्रत पासपोर्टमध्ये ठेवा आणि एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत.